संस्था पाहायचा कार्यक्रम

आमच्या भावकीत कोणाचं लग्न जमवायचं असलं की स्थळ पाहायला मला नेतात. मला त्यातलं फार कळतं असं नाही, पण माझी एक रीत आहे. घरी पोचलं की आधी पाणी मागायचं. पाणी कोण आणतं ते पाहायचं. सून आणते, पोरगी आणते, की बाप जागेवरूनच "पाणी आणा वं" म्हणून ओरडतो. मग "जरा हात धुऊन येते" म्हणून मागच्या अंगाला जायचं. समोरची खोली पाहुण्यांसाठी आवरलेली असते, मोरी कोणी आवरत नाही. त्या घरातली माणसं खरी कशी आहेत ते मोरीत कळतं. आणि निघताना शेजारणीला रस्ता विचारायचा, रस्ता पाठ असला तरी. रस्ता सांगता सांगता ती बाकीचंही सांगते. या रीतीनं जमवलेली सगळी लग्नं टिकली. एकच मोडलं, आणि तिथं मला नेलं नव्हतं.

हे आधी सांगून ठेवते, कारण संस्थासुद्धा मी अशाच पाहिल्या.

तर झालं असं. मी आयुष्यभर गावच्या अंगणवाडीत मदतनीस होते. पोरं गोळा करून आणायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. मी एक दिवस गेले नाही तर चूल पेटत नव्हती. अंगणवाडीच्या बाई घरी निरोप धाडायच्या, "काहून नाई आल्या? पोरं उपाशी बसून राह्यली." मग वय झालं, काम सुटलं, आणि आम्ही दोघं मुलाकडं वाशीमला राहायला आलो. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असतो. सून शाळेत शिकवते. ती मला काही करू देत नाही. झाडू हातात घेतला की काढून घेते आणि म्हणते, "आई, तुमी बसा." सून चांगली आहे, आणि तेच अवघड आहे. खाष्ट असती तर भांडण्यात दिवस बरा गेला असता.

मागच्या वर्षी मला ताप आला. तीन दिवस मी अंथरुणात होते. तीन दिवसांत घरातलं एक भांडं इकडचं तिकडं झालं नाही. डबे वेळेवर गेले, दूध वेळेवर तापलं, कपडे वेळेवर वाळले. माणूस बरा झाला की त्याला बरं वाटायला पाहिजे. मला बरी झाल्यावरच वाईट वाटलं.

मी सुनेला म्हटलं, "माय, मले कुठं तरी अशी जागा पाह्यजे, का मी नाई गेली तं कोणाचं तरी अडलं पाह्यजे."

सून म्हणाली, "मग एखाद्या संस्थेत जा न, आई. सेवा म्हणून. पैसा नाई भेटणार, पण काम भेटीन."

हे ऐकून आमचे हे उठून बसले. आमचे हे म्हणजे माझे यजमान, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणाले, "सेवाच कराची तं पोहरादेवीले चाल. जत्रेत पंगतीले वाढू. जेवण बी होते."

"तिथं वाढाले हात कमी हायत का? माझ्या वाट्याले मिठाची वाटी येईन."

"मीठ बी लागतेच न."

पण मी पोहरादेवीला गेले नाही, संस्था पाहायचं ठरवलं. हे म्हणाले, मीही येतो, पाहायच्या कार्यक्रमाला बाप्या माणूस लागतो. लागतो वगैरे काही नाही. पाहायच्या कार्यक्रमात पोहे असतात, आणि यांनी आजवर एकही कार्यक्रम सोडलेला नाही.

पहिली संस्था चांगली मोठी होती. बोर्ड एवढा रुंद की त्याच्या खालचं दार आम्हाला दोनदा चुकलं. आत खुर्च्या, पंखे, काचेचं टेबल आणि टेबलामागं एक सर. मी बसल्याबरोबर पाणी मागितलं. तर सीलबंद बाटली आली! आता बाटलीवरून घराची काय पारख करणार? म्हटलं, हात धुऊन येते. मोरीला कुलूप होतं, आणि किल्ली सरांच्या खिशात. माझी अख्खी रीत तिथं बाद झाली.

मी सरांना विचारलं, "मले काम काय राहीन?"

सर म्हणाले, "आजी, तुम्ही काम कशाला करता? तुम्ही मार्गदर्शन करा."

"कोणाले?"

सरांनी थोडा विचार केला. मग ते उठले, कपाट उघडलं आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. हातात नारळ दिला. एक मुलगी मोबाईल घेऊन धावत आली. मला उभं केलं, मग बसवलं, मग पुन्हा उभं केलं, कारण पहिल्या फोटोत आमच्या यांचा अर्धाच चेहरा आला होता. मी म्हटलं, सर, अजून मी काही केलंच नाही. सर म्हणाले, हाच तर तुमचा मोठेपणा.

निघताना ती मुलगी हळूच म्हणाली, "आजी, नारळ तेवढा ठेवून जाता का? संध्याकाळी अजून एक सत्कार हाय."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पोहे नाई दिले. स्थळ बरोबर नाई."

दुसऱ्या संस्थेच्या दारात भली मोठी रांग होती. मला आनंदच झाला. एवढी माणसं सेवा करायला आलीत म्हणजे काम भरपूर असणार. आम्ही रांगेत लागलो. पुढं टेबलाशी एक पोरगी फॉर्म घेऊन बसली होती.

"आजी, आधार कार्ड आणलं?"

ते माझ्या पिशवीत कायम असतं, सून ठेवते. मी काढून दिलं. म्हटलं, "माय, मी काम कराले आली."

"हाव आजी, करू न आपण तुमचं काम." तिनं भराभर लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "अंगठा लावता का?"

तुम्हाला काय सांगू, ते मला फार लागलं. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. पुढचं सगळं लिहिणं-वाचणं माझं मी शिकले, खिचडी ढवळता ढवळता अंगणवाडीच्या भिंतीवरचे तक्ते पाहून, वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून. आणि ही मला अंगठा विचारते! मी तिच्या हातातला पेन घेतला आणि चांगली ठसठशीत सही ठोकली, खाली रेघ मारून. सहीच्या तोऱ्यात वर काय लिहिलंय ते वाचायचं राहून गेलं.

पाच मिनिटांत माझ्या हातात काठी आली. म्हाताऱ्या माणसांना काठ्या आणि गुडघ्याचे पट्टे वाटायचं शिबिर होतं ते. आमच्या यांनीही मागून सही केली होती, त्यांना पट्टा मिळाला.

मी काठी परत द्यायला गेले. "माय, मी धडधाकट हाव. घरून पायी आली मी."

"आता परत घेता येत नाई आजी. यादी वर गेली."

हे तिथंच पायरीवर बसून पट्टा बांधत होते. म्हणाले, "हे स्थळ चांगलं हाय. मले पसंत हाय."

त्या काठीनं मी आता परसातल्या शेवग्याच्या शेंगा पाडते. काठी चांगली आहे, तिला नाव ठेवणार नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी सुनेला सांगितलं, बाई, पुरे झालं. द्यायला जाते आणि घेऊन येते. एका ठिकाणी शाल, एका ठिकाणी काठी. तिसऱ्या ठिकाणी गेले तर डोक्यावर टोपी घालून पाठवतील.

सून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आमच्या शाळेतल्या एक मॅडम सांगत होत्या, एक लहानशी संस्था हाय. डोळ्यानं दिसत नाई अशा पोरी तिथं राहून परीक्षेचा अभ्यास करतात. त्याईले माणसं पाह्यजेत. पण तिथं..." आणि ती थांबली.

"तिथं काय?"

"तिथं पुस्तक वाचून दाखवा लागते, आई."

ती का थांबली ते मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. ती मान खाली घालून मेथी निवडत राहिली. खरं सांगते, मला वाचता येतं, पण मोठ्यानं मी कधी कोणापुढं वाचलेलं नव्हतं. बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. जोडाक्षर आलं की दारात मोळी अडकावी तशी मी अडकते. रोज सकाळी मी पेपर घेऊन बसते, पण एक बातमी वाचेपर्यंत चहा गार होतो, हे आमच्या यांनासुद्धा माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मला गार चहा आवडतो.

दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, पाहून तर येऊ. पाहायला काय जातं?

एका गल्लीत दोन खोल्या. बोर्ड नाही. दाराशी चपला भिंतीला लावून ओळीत ठेवलेल्या, एकसारख्या अंतरावर. मला ते आवडलं. आमच्या यांनी आपल्या वहाणा मधोमध काढल्या. आत एक पोरगी चटईवर बसली होती. बारीक चण, लांब वेणी, पुढ्यात जाड कागद. मी पाणी मागितलं. ती उठली आणि सरळ माठाशी गेली. एका हातानं पेला धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पेल्याच्या काठावरून आत सोडून पाणी भरलं.

पाण्यात बोट! माझ्या परीक्षेत यापेक्षा मोठी चूक नाही. पेल्यात बोट बुडवलं म्हणून मी एकदा एक चांगली नोकरीवाली पोरगी नाकारायला लावली होती. मी तोंड वाकडं करणार, तेवढ्यात पाणी बोटाला लागलं आणि ती बरोबर थांबली. पेला काठोकाठ, जमिनीवर एक थेंब नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती पाणी बोटानं पाहते. मी मुकाट्यानं पेला रिकामा केला. पाणी गार होतं.

मग हात धुवायला मोरीत गेले. मोरी लख्ख. बादली, मग, साबण, सगळं जागच्या जागी. मी हात धुतले आणि बाहेर आले, तर ती माझ्या मागोमाग आत जाऊन आली आणि म्हणाली, "आजी, पाण्याचा मग उजव्या बाजूले ठेवत जा. तुमी डाव्या बाजूले ठेवला. मले दिवसभर शोधा लागते मंग."

मला येऊन दहा मिनिटं झाली होती आणि पोरगी मला रागावली! मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. किती दिवसांनी कोणी रागावलं होतं.

तेवढ्यात बाहेरून दुसरी एक पोरगी आली आणि आमच्या यांच्या वहाणांना अडखळली. "कोणाच्या चपला हायत ह्या वाटेत?" ती ओरडली. हे पट्टा बांधलेल्या गुडघ्यानं उठले आणि पळत जाऊन वहाणा भिंतीला लावून आले. डेपोमॅनेजरनं सांगितलं तरी एवढे पळाले नसते.

लांब वेणीवालीनं मला विचारलं, "आजी, वाचता येते?"

"येते."

"बरं, मंग दाखवा वाचून."

आता पाहा गंमत. पोरी पाहायला जाऊन जाऊन माझं आयुष्य गेलं. बाळा, जरा चालून दाखव. बाळा, सुईत दोरा ओवून दाखव. किती पोरींचे हात थरथरताना मी पाहिले असतील. आणि आज मी चटईवर, मांडीवर पुस्तक, आणि पाहायला ही. पुस्तक राज्यघटनेचं होतं, परीक्षेला येतं म्हणे. पहिल्याच ओळीत तीन जोडाक्षरं. मी बोट ठेवलं. आमचे हे समोर बसून टक लावून पाहत होते.

मी सुरू केलं. "रा-ज्य-पा-ल हा... घ-ट-क रा-ज्या-चा..." एक शब्द. दुसरा शब्द. मध्ये थांबले, मागं गेले, पुन्हा वाचलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. म्हणजे होता, टक टक टक. ती एका पट्टीत कागद घालून टोकदार सळईनं टोचत होती. आंधळ्या माणसांची अक्षरं अशी टोचून उमटवतात, ती मी पहिल्यांदा पाहिली. पान संपलं तेव्हा मला वाटलं, वर्ष झालं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "माय, मी लय हळू वाचतो. तुले दुसरं कोणी पाह्य."

ती म्हणाली, "आजी, कॉलेजची पोरं येतात. ते असे वाचतात जशी त्याईची गाडी सुटून राह्यली. थांबा म्हणलं का मोबाईल पाहतात. मोबाईलमधली बाई बी वाचते. ते दमत नाई, पण झेरॉक्सचा कागद वाचते तवा काय वाचून राह्यली ते तिले बी कळत नाई." तिनं टोचलेल्या कागदावरून बोट फिरवलं. "तुमचा शब्द संपते अन् माझं टोचणं संपते. पहिल्यांदा माझं पान पुरं झालं. उद्या अकराले या."

म्हणजे मला पसंत केलं. शेजारणीला रस्ता विचारायचं त्या दिवशी माझ्या लक्षातच राहिलं नाही.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "मले वाटे, तू पेपर दोन मिन्टात वाचतं."

"फोटो पाहत होती."

"अन् चहा?"

"मले गरमच आवडते."

दुसऱ्या दिवसापासून माझी बातमी वाचून झाल्यावर ते चहा पुन्हा गरम करून आणतात.

तेव्हापासून मी रोज अकराला जाते. आता बोट जरा भराभर सरकतं, पण ती लगेच म्हणते, "आजी, घाई नोका करू." माझी एकच खोड गेली नाही. वाचता वाचता मला बोलायला होतं. एकदा ती म्हणाली, "आजी, हे पुस्तकातलं हाय का तुमचं?"

"माझं."

"मंग तसं आधी सांगत जा न. परवा राज्यपालाच्या अधिकारात 'त्याले घरी कोणी विचारत नसन' असं टोचून बसली मी."

परीक्षा जवळ आली. शेवटचा रविवार होता, आणि त्याच रविवारी पहिल्या संस्थेच्या सरांचा फोन आला. त्यांचा मोठा कार्यक्रम होता, सकाळी अकराला. मला पुरस्कार द्यायचा होता, आदर्श ज्येष्ठ महिला म्हणून. मोठ्या बॅनरवर माझा फोटोही छापला होता म्हणे, तोच शालीचा.

"मसालेभात हाय," हे म्हणाले. त्यांना सरांनी वेगळं सांगितलं होतं.

इथं मी खोटं बोलणार नाही. माझं मन झालं. मी काही केलेलं नाही हे मला माहीत होतं, पण बॅनरवर फोटो म्हणजे बॅनरवर फोटो. म्हटलं, पोरीला मोबाईलमधली बाई आहे, एक दिवस चालवून घेईल. अंगणवाडीच्या बाईंनी निरोपाला दिलेली रेशमी साडी काढली. निऱ्या नीट बसत नव्हत्या, त्यात वेळ गेला. आम्ही चौकात ऑटो शोधत उभे होतो आणि फोन वाजला.

"आजी, अकरा वाजून गेले. कुठं हाय तुमी?"

"माय, आज जरा..."

"शेवटचं प्रकरण अर्धं राह्यलं, आजी. मोबाईल लावून पाह्यला, तो तक्त्याच्या शेवया करून राह्यला. माझं अडून बसलं."

अडून बसलं. मी तो शब्द ऐकला आणि ऑटोवाल्याला हात केला. यांना म्हटलं, "तुमी जा सत्काराले."

"अन् नाव तुझं पुकारतीन तं?"

"तं हाव म्हणा!"

मी पोचले तेव्हा ती दाराकडं तोंड करून बसली होती. साडीची सळसळ तिला माझ्या आधी ऐकू गेली असावी. "आजी, रेशमी? कोणाचं लग्न हाय?"

"कोणाचं नाई."

"मंग बसा. अर्धा तास गेला. मी काय वाट पाहत बसू का इथं?"

मी बसले. पुस्तक घेतलं. तिच्या रागावण्यानं माझे डोळे भरून आले होते आणि ओळ दिसत नव्हती, पण बोट होतं. बोटानं ओळ शोधली.

पाच-सहा पानं झाली असतील तेव्हा दाराशी खोकला ऐकू आला. आमचे हे, एका हातात मसालेभाताचा डबा आणि खांद्यावर नवी शाल.

"आजोबा, चपला?" ती आतूनच म्हणाली.

"भिंतीले लावल्या माय, भिंतीले."

ते येऊन कोपऱ्यात टेकले. मी विचारलं, "तुमालेच घातली का शाल?"

"मी म्हणलं, ते नाई आली. सर म्हणले, चालते, बॅनरवर तुमी बी हाय."

"अन् नारळ?"

"ठेवून घेतला."

पोरगी खुदकन हसली. मग सळई उचलून तिनं कागदावर टेकवली आणि म्हणाली, "झालं का, आजी? ह्यातलं काई टोचाचं नाई न मले? मंग वाचा पुढं."